पाळीचे पाणी : बागलाणातील फडपद्धतीचा दृष्टांत

दृष्टांतपाठाची रचना अभ्यासकांस परिचितच आहे. आधी सूत्र, मग व्यवहारातील एखादा दृष्टांत, आणि त्यानंतर तो दृष्टांत कशास लावावयाचा हे उलगडणारा दार्ष्टांतिक. केसोबासांनी संकलित केलेल्या त्या ११४ दृष्टांतांकडे पाहिले म्हणजे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी गहन विचार सांगताना लोकांच्या रोजच्या जगण्याचाच आधार कसा घेतला, हे ध्यानात येते. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. जे आपल्या हाती असते ते मनुष्य दुसऱ्यावर का टाकतो, आणि टाकत गेल्याने त्याचे काय होते, एवढाच तो प्रश्न. परंतु त्यासाठीही दृष्टांत हवा, आणि तो दूर शोधावा लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील सटाण्याच्या परिसरात, आरम आणि मोसम या नद्यांच्या काठी, तो आजही दगड-चुन्याच्या रूपाने उभा आहे.

सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठाणे आरम नदीच्या तीरी वसलेले आहे. तालुक्याच्या पश्चिमेस साल्हेर-मुल्हेरचे डोंगर. त्यांपैकी साल्हेर हा तर महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. या डोंगररांगांतून आरम व मोसम निघतात आणि पुढे गिरणेस मिळतात. मोसमची भेट मालेगावापाशी होते. डोंगराकडे पाऊस पुष्कळ पडतो, पण पूर्वेकडे उतरावे तसतसा तो आटत जातो. म्हणजे नदीला पाणी आहे आणि शेतावर पाऊस नाही, अशी या मुलखाची स्थिती. पावसाळ्यात नदी भरून वाहते व वाहून जाते. कार्तिक उलटला की तिची धार बारीक होते. अशा ठिकाणी शेतकऱ्याने काय करावे? आभाळाकडे पाहावे, सरकारदरबारी अर्ज करावा, की आणखी काही करावे?

येथील गावांनी सुमारे तीनचारशे वर्षांपूर्वी जे केले, त्यास फडपद्धत म्हणतात. (फड म्हणताच कोणास कुस्तीचा किंवा तमाशाचा फड आठवेल; येथे फड म्हणजे एकाच पिकाखाली, एकाच पाण्यावर असलेला शेतांचा मोठा पट्टा.) तापीच्या खोऱ्यात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत विशेष रुजली.

तिचे स्वरूप असे. नदीच्या पात्रात, खडक लागेल अशी जागा पाहून, दगड-चुन्याचा ठेंगणा बंधारा घालावयाचा. हा बंधारा म्हणजे धरण नव्हे. तो पाणी साठवीत नाही. तो वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंचावतो आणि ते पाणी काठाने काढलेल्या कालव्यात वळवितो, इतकेच. कालव्याची लांबी गावोगाव वेगळी. दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत. कालव्यातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेताशेतांकडे जाणारे सारंग. जागोजाग सांडी ठेवलेल्या असतात, म्हणजे वाजवीपेक्षा अधिक आलेले पाणी शेत न बुडविता परत नदीच्या वाटेला लागते आणि खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडते.

ओलिताखालची सारी जमीन साधारणतः चार फडांत विभागलेली असते. नियम असा की एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात रब्बीचे गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचे पीक, एखादा पडीक. आणि दरसाल ही पिके फडाफडांतून फिरतात. नियम वरवर जुलमी वाटतो. स्वतःच्या शेतात काय पेरावे हे गावाने का ठरवावे? पण पाण्याची चाल ज्याने पाहिली आहे त्यास यातील शहाणपण कळते. ज्वारीच्या पट्ट्यात मध्येच एकाने ऊस लावला तर त्याला दर आठ-दहा दिवसांनी पाणी लागणार. त्या एका शेतासाठी लांबलचक चारी ओली करावी लागणार, वाटेतच अर्धे पाणी मुरणार, आणि मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीच्या मुळाशी जाऊन तिला पिवळी पाडणार. उलट सारा फड एकाच पिकाचा असला म्हणजे पाणी एकदम लागते, एकदम संपते, राखण सोपी होते, आणि पिकांची फेरपालट आपोआप साधून जमीन खारवट किंवा पाणथळ होण्याचे टळते.

शिवाय बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. आज ज्याला आपण जमिनीचे तुकडीकरण म्हणून दोष देतो, तेच या पद्धतीत न्यायाचे साधन होते. उसाचा फड कोणताही येवो, त्यात प्रत्येकाचा थोडा वाटा आलाच. आणि ज्या वर्षी पाणी कमी म्हणून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, त्या वर्षी तोटाही सर्वांच्या वाट्याला थोडाथोडा आला. कोणा एकाच्या घरी दिवाळी आणि दुसऱ्याच्या घरी शिमगा, असे झाले नाही.

आता कारभार पाहावा. लाभधारक शेतकरी आपल्यातूनच पंच निवडीत. यंदा नदीला पाणी किती, किती फड भिजतील, कोणत्या फडात कोणते पीक, हे पंच सर्वांना बोलावून ठरवीत. पाणी प्रत्यक्ष सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे. त्याच्यावर देखरेख करावयास हवालदार. उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून जागल्या. या सर्वांचा मोबदला शेतकरीच आपापल्या क्षेत्राच्या मानाने देत. पूर्वी तो धान्याच्या रूपाने असे. पावसाळा सरल्यावर कालव्यात साचलेला गाळ काढावयाचा असे, आणि ते काम ज्याची जितकी जमीन तितके त्याच्या अंगावर पडे. नियम मोडणाऱ्यास पंच दंड करीत.

येथे एक शंका उपस्थित होते. पाणी पाटकरी सोडतो, राखण जागल्या करतो, निवाडा पंच करतात. मग शेतकरी स्वतः काय करतो? हेही परावलंबनच नव्हे काय? शंका योग्य आहे, आणि तिच्या समाधानातच विषयाचे मर्म आहे. दुसऱ्याचे साह्य घेणे वेगळे आणि आपला प्रश्न दुसऱ्याचा समजणे वेगळे. पाटकरी पाणी सोडी, पण कोणत्या चारीत किती वेळ सोडावे हे त्यास शेतकऱ्यांनीच सांगितलेले असे, आणि ते त्याने पाळले की नाही हे प्रत्येकास कळत असे. कारण पाळी प्रत्येकाची होती. पाटकऱ्याचे पोट ज्यांच्या धान्यावर, तेच त्याचे धनी. गावातील साध्या शेतकऱ्यासही कालव्याचा उतार, सांडीची उंची, कोणत्या वळणावर गाळ धरतो, कोणाच्या बांधातून पाणी झिरपते, हे ठाऊक असे. पाणी कमी आले तर तो प्रथम कालव्याच्या कडेने चालत जाई. कोठे खेकड्याने भोक पाडले आहे, कोठे कोणी दगड सरकविला आहे, ते पाही, हाताने बुजवी, आणि त्याउपर काही असेल तरच पंचांकडे जाई. तक्रार करण्यापूर्वी चालून पाहणे ही गोष्ट लहान दिसते, परंतु या एका सवयीवर सारी पद्धत तोलून धरलेली होती. ज्याने स्वतः पाहिले आहे त्याची तक्रारही नेमकी असते, आणि नेमकी तक्रार मिटावयास वेळ लागत नाही.

या विवेचनावरून फडपद्धत सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. तिचे पंच जमीनधारकांचे होते. ज्यास जमीन नाही त्याचा पाण्यात वाटा नव्हता. तो जागल्या झाला, पाटकरी झाला, गाळ काढावयास मजूर म्हणून आला, पण पंगतीचा धनी झाला नाही. समतेचा उपदेश ज्या मार्गाने या महाराष्ट्रात सातशे वर्षांपूर्वी आचरून दाखविला, त्या मार्गाच्या अनुयायांस हे उणे लगेच जाणवेल, आणि जाणवावयासच हवे. दुसरी मर्यादा निसर्गाची. महापुराने बंधाराच फुटला तर त्याची पुनर्बांधणी एका गावाच्या आटोक्यातली असेलच असे नाही.

सटाण्याच्याच इतिहासात या मर्यादेची एक ठळक आठवण आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात तेथे यशवंतराव महादेव भोसेकर हे मामलेदार होते. लोक अन्नावाचून तडफडत असता त्यांनी सरकारी खजिन्यातील पैसा लोकांना वाटला, म्हणून ते देवमामलेदार म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यासंबंधीच्या आख्यायिकांत येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच पाहावे की संकट जेव्हा मनुष्याच्या शक्तीबाहेरचे असते तेव्हा दुसऱ्याचा हात घेणे यात काही कमीपणा नाही, आणि तो हात पुढे करणारा वंद्यच होय. मात्र दुष्काळातील अन्नदान ही एका वर्षाची गोष्ट. कालव्यातील गाळ ही दरवर्षाची. गाळासाठीही जो मामलेदाराची वाट पाहील त्याचे शेत मामलेदार कितीही दयाळू असला तरी कोरडेच राहील.

आता दार्ष्टांतिक. पाऊस कोणाच्या हाती नाही. डोंगरावर किती पडेल, नदीला केव्हा येईल, हे गावाने ठरविता येत नाही. बंधाऱ्याचे काम आलेले पाणी वळविण्याचे, कालव्याचे काम ते पोचविण्याचे. तद्वतच ज्ञान हे परमेश्वराने द्यावे तेव्हाच जीवास मिळते. ते जीवाच्या सामर्थ्याने मिळविता येत नाही, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. या सिद्धांताचा आधार घेऊन कित्येकांची समजूत अशी होते की सर्वच दात्याच्या अधीन आहे, तर आपण काय करावयाचे? परंतु ज्ञान परमेश्वराधीन असले तरी आचार जीवाच्याच अंगावर ठेविलेला आहे. आलेले पाणी ज्या कालव्यातून वाहावयाचे त्यातील गाळ काढणे पावसाचे काम नव्हे. जे हाती नाही त्याविषयी नम्रता आणि जे हाती आहे त्याविषयी दक्षता, या दोहोंची गल्लत झाली म्हणजे मनुष्य उलटाच वागतो : पावसाची चिंता करीत बसतो आणि गाळाकडे पाठ फिरवितो.

येथे दुसरी शंका. संन्यासी तर भिक्षेवर जगतो. ज्याचे अन्नच दुसऱ्याच्या दारचे, त्याला स्वाधीनता कशी सांगावी? याचे समाधान आचारातच आहे. भिक्षुकाला एका ठिकाणी राहून एकाच दात्याचा आश्रय धरण्यास मनाई आहे. त्याने अटन करावयाचे आहे, घरोघरचे थोडेथोडे घ्यावयाचे आहे. म्हणजे अन्नासाठीही कोणा एकाचा मिंधेपणा त्याच्या वाट्यास येऊ नये, अशी ही योजना आहे. झोळी घेऊन स्वतः उठावे लागते, स्वतः चालावे लागते, मिळाले तर घ्यावे आणि न मिळाले तर पुढे जावे लागते. हे परावलंबन नव्हे. मठात बसल्या जागी ताट येऊ लागले, वस्त्र कोणी धुऊ लागले, पोथी कोणी वाचून दाखवू लागले, म्हणजे मात्र परावलंबन सुरू झाले असे समजावे. मग अंगावरील वस्त्र कोणत्याही रंगाचे असो. आश्रमातील नवख्या साधकास दिवा लावणे, पाणी भरणे, फाटके शिवणे ही कामे पहिल्या दिवसापासून सांगितली जातात त्यामागे केवळ कामाची सोय पाहिलेली नसते.

पोथीचा उल्लेख आला म्हणून आचार्य श्रीनागदेवांची एक गोष्ट येथे स्मरावी. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केसोबासांस त्यांनी थांबविले, कारण तसे केल्याने मार्गातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास पारख्या होतील, ही त्यांची चिंता होती. स्मृतिस्थळात हा प्रसंग आलेला आहे. मराठीचा अभिमान म्हणून तो नेहमी सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ग्रंथ संस्कृतात असता तर त्या म्हाताऱ्यांना अर्थासाठी सदैव कोणा पंडिताच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. पंडित कितीही सद्भावनेचा असला तरी त्यांचे ज्ञान त्याच्या सवडीवर राहिले असते. आचार्यांनी त्यांस पाणी आयते शेतात आणून दिले नाही. कालवा त्यांच्या दारावरून जाईल असे केले. पुढे प्रश्न विचारणे, उत्तर पारखून घेणे हे त्यांचे त्यांनी करावयाचे होते. महदाइसा सर्वज्ञांस किती बारीकसारीक विचारीत असत हे लीळाचरित्राच्या वाचकास सांगावयास नको. विचारणे हेही परावलंबन नव्हे. न विचारता मान डोलावणे हे होय.

आता बागलाणाकडे पुन्हा वळावे. कारण ही पद्धत पुढे कशी क्षीण झाली हेही तितकेच बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणे झाली. धरणांनी पाणी अडविले, साठविले, त्याचा लाभही झाला. परंतु नदीची नैसर्गिक धार गेली आणि तिच्या जागी आवर्तन आले. पाळी आणि आवर्तन, दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच. पण पाळी गावाने ठरविलेली असते आणि आवर्तन कार्यालयाने. पाळीच्या वेळी शेतकरी कालव्याच्या कडेने चालत जाई. आवर्तनाच्या वेळी तो निवेदन घेऊन कचेरीकडे जातो. त्याचा यात सर्वस्वी दोष आहे असे नाही. ज्या गोष्टीचा निर्णय ज्याच्याकडून काढून घेतला, त्या गोष्टीची काळजीही त्याच्याकडून हळूहळू निघून जाते.

त्याच सुमारास विहिरीवर तेलाची, मग विजेची मोटर आली. पंचांची गरज उरली नाही, पाटकरी नको, फडाचा नियम नको. ज्याची विहीर त्याचे पाणी. हे तर पूर्ण स्वावलंबन असे कोणासही वाटावे, आणि तसे ते वाटलेही. पण थोडे बारकाईने पाहावे. पाणी खाली गेले म्हणून विहीर खोल करावी, तीही पुरेना म्हणून विंधनविहीर घ्यावी, त्यासाठी कर्ज काढावे. वीज रात्री येणार म्हणून रात्री जागावे, मोटर जळली म्हणून तालुक्याच्या गावी न्यावी. शेजाऱ्याने अधिक खोल छिद्र पाडले की आपले पाणी त्याच्याकडे गेले, आणि तेथे दाद मागावयास पंचही नाहीत. जमिनीखालचे पाणी एकच आहे. त्यावर एकेकट्याची मालकी हा केवळ भास. एका पाटकऱ्यापासून सुटलेला शेतकरी अशा रीतीने दहा अनोळखी हातांच्या अधीन झाला. कष्ट त्याने कमी केले नाहीत; बागलाणच्या शेतकऱ्याने डाळिंब, द्राक्ष, कांदा ही पिके मोठ्या हिकमतीने उभी केली, ठिबकाने थेंबथेंब पाणी वाचविले, आणि तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागल्या तेव्हा पुन्हा नव्याने आरंभही केला. हिंमत उणी पडली नाही. जे हरवले ते एकत्र बसून वाटून घेण्याचे कसब होय. ते पुस्तकातून येत नाही. बापाबरोबर पाळीला गेलेल्या मुलास ते येत असे. पाळी राहिली नाही तेव्हा शिकण्याची जागाही राहिली नाही.

मग गेलेले कसब परत मिळविता येते काय? याचे उत्तर याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर सापडते. या धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांस पाणी कागदावर मंजूर होते, शेतात पोचत नव्हते. वरच्यांनी घेऊन उरेल ते खाली, आणि उरत काहीच नसे. १९९० नंतर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेपटाकडील शेतकऱ्यांस एकत्र आणून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. आरंभ शेपटाकडून झाला ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला पाणी मिळत नाही त्यालाच ते मोजण्याची निकड असते. संस्थांनी शासनाकडून पाणी घनमापाने, म्हणजे मोजून, विकत घ्यावयाचे आणि आपल्या सभासदांत आपणच वाटावयाचे, असा करार झाला. त्यांनी ओढ्या-नाल्यांवर लहान बंधारे घालून कालव्याचे पाणी मुरविले, त्यामुळे विहिरींनाही पाणी आले. पुढे हळूहळू वरच्या भागातही संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयी कायदाच केला.

कायदा झाला म्हणून सर्वत्र वाघाड झाले असे नाही. कित्येक संस्था नोंदणीच्या कागदापुरत्या आहेत. सभा भरत नाही, पाणीपट्टी गोळा होत नाही, चारीत गवत माजते. जेथे संस्था चालते तेथे काय दिसते? हंगामाच्या आरंभी सभा भरते, धरणात किती पाणी आहे ते सर्वांस सांगितले जाते, कोणास किती क्षेत्र भिजविता येईल याचा हिशेब फळ्यावर मांडला जातो, आणि पाणी सुटण्यापूर्वी चारी साफ करण्याचा दिवस ठरतो. तीनशे वर्षांपूर्वी आरमच्या काठी पंच बसत तेव्हा फळा नव्हता, घनमापक नव्हता. बाकी हिशेब तोच होता. ठरलेल्या दिवशी सकाळी ज्याच्या त्याच्या वाट्याचा चारीचा तुकडा दोरीने मोजून दिला जातो, आणि फावडे ज्याने त्याने आपल्या घरून आणावयाचे असते.